पाहणीच्या दिवशीचं रिकामं घर

१

खोडदला भागुजींच्या घरात पाऊल टाकलं आणि संपतरावांना वाटलं, आपण दार चुकलो.

गेल्याच आठवड्यात ते या ओसरीवरून आत गेले होते. तेव्हा डाव्या भिंतीला पायाचं शिलाई मशीन होतं. शेजारी टेबलफॅन, कोपऱ्यात टीव्ही, फडताळात पितळी डब्यांची रांग, मोरीच्या कडेला तांब्याचा बंब आणि स्वयंपाकघराच्या दाराशी चक्क एक निळा फ्रिज होता. आज त्यातलं काहीच जागेवर नव्हतं. खोलीत एक गोधडी होती, पाण्याचा माठ होता, कोपऱ्यात चूल होती आणि भिंतीवर बुद्धाची व बाबासाहेबांची तसबीर होती. तसबिरी मात्र पुसून लख्ख केलेल्या, ताज्या मोगऱ्याचे हार घातलेल्या.

संपतराव जुन्नरच्या एका पतसंस्थेचे पाहणी अधिकारी. उभी हयात कर्जवसुलीत गेली, तरी तालुक्यात त्यांना शिव्या घालणारं माणूस शोधून सापडलं नसतं. लोकांच्या ओसरीवर बसून चहा प्यायचा आणि बोलता बोलता घर वाचायचं, हे त्यांचं कसब. संस्थेची पद्धत अशी, की कर्ज मागणाऱ्याच्या घरी आधी ते एकटे जाऊन यायचे आणि मंजुरीच्या दिवशी एका संचालकाला घेऊन पुन्हा जायचे. आजचे संचालक होते चिमाजीशेठ. बी-बियाण्यांचं दुकान चालवून चालवून शेठना प्रत्येक माणूस उगवेल की नाही याचीच शंका यायची.

भागुजींची बायको जानकाबाई दारात उभी होती. गेल्या खेपेला ती बहिणीकडे येडगावला गेलेली, त्यामुळे संपतराव तिला पहिल्यांदाच बघत होते. ठिगळाचं लुगडं नेसलेली, डोक्यावरून पदर घेतलेली, पण घाबरलेली अजिबात नाही.

"या सायेब. समदं घर फिरून बघा," ती म्हणाली. "पंखा न्हाई, टीवी न्हाई. अंगावर ह्ये यवढंच लुगडं. जेवान म्हनाल तर यकाच येळचं. लिवून घ्या."

शेठनी लिहून घेतलं नाही. त्यांनी संपतरावांकडे बघितलं, आणि त्या बघण्यात गेल्या आठवड्याचा सगळा अहवाल केराच्या टोपलीत गेला. पोरगी बघायला पाहुणे यायचे म्हटलं की शेजारची कपाटं, पलंग, पंखे आणून घर सजवणारी माणसं शेठनी चिक्कार पाहिली होती. पाहुणे गेले की सामान ज्याचं त्याच्या घरी. संपतरावांनाही या मंडळींनी पाहुणेच केलं, असं त्यांनी बोलून दाखवलं.

तेवढ्यात ज्योत्स्ना आली. कर्ज तिलाच हवं होतं. सकाळच्या एसटीनं ती जुन्नरला कापडाचे नमुने आणायला गेली होती, ते गाठोडं अजून काखेतच होतं. ती हसत आत आली आणि तिचं लक्ष डाव्या भिंतीकडे गेलं. गाठोडं खाली पडलं. ती भिंतीपाशी गेली, जिथं मशीन असायचं तिथल्या हवेत तिनं हात फिरवला, आणि मग ती तिथंच खाली बसून रडू लागली.

"माझं मशीन," ती म्हणाली. "आई, माझं मशीन कुणी नेलं?"

जानकाबाईनं पडलेलं गाठोडं उचलून गोधडीवर ठेवलं.

२

चिमाजीशेठना येडगावला एका साखरपुड्याचं जेवण होतं. श्रीखंड वाट बघत असताना तपासात त्यांना रस नव्हता. जेवून परत येताना संपतरावांना जीपमध्ये घेऊ, तोवर चोरी झाल्याचं सिद्ध झालं तर ठीक, नाहीतर संध्याकाळच्या बैठकीत अर्ज नामंजूर, एवढं सांगून ते निघून गेले. धूळ खाली बसायच्या आत संपतराव ओसरीवर टेकले.

ज्योत्स्नाचं काय पणाला लागलंय ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. जुन्नरच्या स्टँडजवळ एक लहानसा गाळा तिला मिळत होता. जूनमध्ये शाळा सुरू होणार, एका शाळेनं गणवेश शिवायचं काम तिला तोंडी कबूल केलं होतं. गाळ्याची अनामत उद्या भरली नाही तर मालक तो मोबाइल विकणाऱ्या एका पोराला देऊन मोकळा होणार होता. २००३ साल होतं. ज्याला त्याला मोबाइलचंच दुकान टाकायचं होतं. भागुजींची जमीन भाऊबंदांत सामाईक, तेव्हा तारण ठेवायचं कुठून? म्हणून तिनं विनातारण कर्ज मागितलं होतं. दोन जामीनदारांच्या सह्या झाल्या होत्या. फक्त ही पाहणी राहिली होती.

पहिल्या भेटीत या पोरीनं त्यांना एक प्रश्न विचारला होता, तो त्यांना फार आवडला होता. तारण लागत नाही म्हणता, मग साहेब, घर कशाला बघता? संपतराव चहाची बशी खाली ठेवून म्हणाले होते, "आधी कमाई बघतो. मग आधीची देणी बघतो. मग घर. वस्तू न्यायला नाही बघत, पोरी. या माणसांनी आजवर काय जोडलं आणि जोडलेलं कसं सांभाळलं, ते बघतो. तारण घेतलं नाही म्हणून डोळे मिटून पैसे द्यायचे, असं कुणी करत नाही." हप्ते थकले तर कोर्टाची वाट असते, हेही त्यांनी लपवलं नव्हतं. ज्योत्स्नानं मान डोलावली होती आणि मशीनवरची धूळ पदरानं पुसली होती.

आता ती ओसरीच्या पायरीवर बसली होती. ती घराबाहेर पडली तेव्हा सगळं जागच्या जागी होतं, हे तिनं शपथेवर सांगितलं. दाराला कुलूप कधीच नसतं. जानकाबाई म्हणाली, ती सकाळी शेजारच्या अंबाबाईच्या रानात गेली होती, आली तेव्हा हे असंच होतं. हे सांगताना ती संपतरावांकडे न बघता लेकीकडेच बघत होती. मग तिनं लेकीला जरा परसात ये म्हणून हाक मारली. ज्योत्स्ना हलली नाही. थोड्या वेळानं पुन्हा हाक मारली, तेव्हा ज्योत्स्ना रडक्या आवाजात म्हणाली, मला कुठं बोलावू नकोस. संपतराव मधे बसले होते, त्यामुळे जानकाबाई आत निघून गेली.

दुपारी भागुजी आले. ते गावाजवळच्या रेडिओ दुर्बिणीच्या आवारात माळी होते. त्या अवाढव्य तबकड्यांच्या पायथ्याची झाडं त्यांनी पोरांसारखी वाढवली होती. मोकळी भिंत बघून ते दारातच थबकले.

संपतरावांच्या मनात मात्र पाल चुकचुकली होती. या कर्जाला घरातून विरोध होता तो भागुजींचाच. गेल्या खेपेला परतताना ते ड्युटीवर भेटले, तेव्हा स्पष्ट म्हणाले होते, की पोरीच्या डोक्यावर बोजा नको, आहे त्यात शिवत राहील. ज्याला कर्ज नको असेल त्यानं पाहणीच्या दिवशी घर रिकामं केलं, तर एका दगडात काम भागतं. संपतरावांनी आडून आडून तसं विचारलं. भागुजींच्या ध्यानात यायला वेळ लागला, आणि आलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला.

"मला कर्ज नको व्हतं, ह्ये खरं हाय," ते म्हणाले. "पन त्या मशीनला मी हात लावीन व्हय, साहेब? त्ये कशातनं आलंय ते इचारा हिच्या आईला."

विचारायला संपतराव वळले, तर जानकाबाई चुलीपाशी नव्हती. परसदार उघडं होतं. आणि परसातून धाकटा राजरत्न घरात डोकावत होता, तो संपतरावांना बघताच मागच्या मागे पळाला.

३

पळणारा माणूस पकडायला संपतराव कधी पळत नसत. ते ज्याच्या त्याच्या नेहमीच्या जागी जाऊन बसत. राजरत्न ट्रॅक्टर दुरुस्तीच्या शेडमध्ये कामाला होता. संपतराव तिथं जाऊन एका टायरवर टेकले, मालकानं दिलेला चहा घेतला, आणि चहा संपायच्या आत राजरत्न खाली मान घालून हजर झाला.

मिसरूड नुकतं फुटलेलं, हात काळे, नजर जमिनीवर. संपतरावांनी त्याला चोरीचं काहीच विचारलं नाही. यंदा उन्हाळा लई आहे, म्हणाले. तुमच्या फ्रिजमधलं गार पाणी गेल्या खेपेला काय छान लागलं होतं, म्हणाले. राजरत्नच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

मग ते सगळं बाहेर आलं. संस्थेचे साहेब घर बघायला येणार म्हणून बहिणीच्या कामात आपणही हात लावावा, असं याला वाटलं. मित्राच्या भावाची सोयरीक जमवताना घर कसं सजवलं होतं, ते यानं पाहिलं होतं. आई येडगावला, बाबा ड्युटीवर, ताई आंघोळीला. तेवढ्यात यानं आणि दोन मित्रांनी मिळून तो निळा फ्रिज उचलून आणला. ताई जाम भडकली, पण तोवर संपतरावांची गाडी दारात आली होती.

"फ्रिज आमचा नव्हता, साहेब," तो म्हणाला. "अंबाबाईचा व्हता. तुमी गेल्या गेल्या परत दिला."

संपतरावांनी कप खाली ठेवला. चिमाजीशेठचं खरं ठरत होतं. फ्रिज उसना, तर टीव्ही उसना नसेल कशावरून? पंखा? बंब? आणि ते मशीन? भिंतीपाशी कोसळलेल्या पोरीचं रडणं हेदेखील पाहुण्यांसाठीच होतं का?

राजरत्न म्हणत होता की बाकी सगळं आमचंच आहे. पण एकदा खोटं पकडलं गेलेल्या माणसाचं खरं कोण ऐकून घेतं? संपतरावांना त्या पोराची दया आली, आणि स्वतःचाही राग आला. गेल्या आठवड्यात फ्रिजच्या मागे बघितलं असतं तर तो विजेला जोडलेलाच नाही, हे कळलं असतं. पाणी गार होतं ते माठातलं.

येडगावात एव्हाना श्रीखंडाची दुसरी वाढप चालू असणार. संपतराव उठले आणि भराभर भागुजींच्या घराकडे चालू लागले.

४

घरात शिरून त्यांनी सरळ खाली बसकण मारली आणि जमीन बघू लागले. ज्योत्स्नाला वाटलं यांना भोवळ आली. तिनं पाणी आणलं. त्यांनी ते प्यायलं आणि पुन्हा जमीन बघू लागले.

जमीन शेणानं सारवलेली होती. डाव्या भिंतीपाशी जमिनीत चार खळगे होते, चांगले बोटभर खोल. मशीनचे लोखंडी पाय वर्षभर तिथं बसले होते, आणि दर सारवणात शेणाचा हात त्या पायांच्या भोवतीनं फिरला होता. खळग्यांच्या मधोमध, जिथं पायाखालचा पायटा हलायचा, तिथं तेलाचा जुना काळपट डाग होता. मोरीच्या कडेला बंबाच्या बुडाचं गोल वर्तुळ होतं आणि वरच्या भिंतीवर धुराचा पट्टा. टीव्हीच्या मागचा भिंतीचा रंग बाकी भिंतीपेक्षा उजळ होता. स्वयंपाकघराच्या दाराशी मात्र, जिथं फ्रिज होता, तिथं सारवणाची बोटं एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत न अडखळता गेलेली होती.

संपतरावांना एवढं हायसं वाटलं की त्यांनी मांडीवर थाप मारली. फ्रिज उसना होता. बाकी सगळं या घरात मुक्कामाला होतं. पोरगी खरं रडत होती.

मग नेलं कुणी? चोर म्हणावा, तर भरदिवसा गावातून पायाचं मशीन आणि बंब उचलून नेणारा चोर कुणाच्याच दृष्टीस पडला नाही. शिवाय हा चोर मोठा सोज्वळ होता. तसबिरी पुसून हार घालून गेला होता, माठ भरून ठेवून गेला होता.

आतून जानकाबाईनं चहा आणला. ती कप ठेवायला वाकली तेव्हा तिच्या अंबाड्यात अडकलेला एक लालसर पातळ पापुद्रा संपतरावांना दिसला. कांद्याचा. तिच्या चुलीपाशी एकही कांदा नव्हता.

चहा पिता पिता त्यांना आणखी एक गोष्ट खटकली. गावाकडच्या बाईचं कोंबडीचं पिल्लू गेलं तरी ती वेशीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात चोराच्या सात पिढ्यांचा उद्धार करते. या बाईचं अख्खं घर गेलं होतं, आणि सकाळपासून तिनं चोराला एक साधी शिवीसुद्धा दिली नव्हती. आणि सकाळी ती शेठना काय म्हणाली होती? पंखा नाही, टीव्ही नाही, एकच लुगडं, एकाच वेळचं जेवण. पंखा-टीव्ही चोर नेईल. पण घरात किती वेळा जेवतात, हे चोरी सांगताना कोण सांगतं?

संपतरावांच्या हातातला कप तोंडाशी येऊन थांबला. हे प्रश्न त्यांनी ऐकले होते. गेल्या वर्षी त्यांच्या जुन्नरच्या घरीही कुणीतरी येऊन हेच विचारून गेलं होतं. पंखा आहे का, टीव्ही आहे का, माणशी कपडे किती, दोन वेळचं जेवण मिळतं का. संपतरावांनी चहा पाजून सगळं खरं सांगितलं होतं, आणि गल्लीतल्या अर्ध्या घरांचे पंखे त्या दिवशी माळ्यावर गेल्याचं बघून पोटभर हसले होते.

"वहिनी," ते हळूच म्हणाले, "गेल्या साली दारिद्र्यरेषेचा सर्व्हे झाला, तेव्हा तुमच्या घरात काय काय लिहून नेलं हो?"

जानकाबाईच्या हातातली बशी खणकन खाली पडली. आणि बाहेर जीपचा हॉर्न वाजला.

५

चिमाजीशेठ जेवणानं जड झाले होते. चालायचं म्हटल्यावर ते नाराज झाले, पण संपतराव ऐकेनात. सगळी वरात अंबाबाईच्या रानाकडे निघाली. पुढे संपतराव, मागे शेठ, त्यांच्या मागे मायलेकी आणि भागुजी, आणि सगळ्यात शेवटी राजरत्न.

अंबाबाई बांधावरच उभी होती. तिच्या रानात कांदा साठवायची लांबलचक बराख होती. बाजूंना जाळी, वर पत्रा, आत यंदाच्या कांद्याचे ढीग. संपतरावांनी जाळीचं दार उघडायला सांगितलं. अंबाबाईनं जानकाबाईकडे बघितलं. जानकाबाईनं डोळे मिटून मान हलवली, तेव्हा तिनं दार उघडलं.

टोकाच्या ढिगामागे कडब्याच्या पेंढ्या रचल्या होत्या. त्या राजरत्ननं बाजूला केल्या. टीव्ही निघाला, पंखा निघाला, पितळी डब्यांचं पोतं निघालं, बंब निघाला. आणि सगळ्यात आत मशीन निघालं. ते एका हिरव्या इरकली लुगड्यात गुंडाळलेलं होतं. घरातलं सगळ्यात चांगलं, सणावाराला नेसायचं लुगडं. धूळ लागू नये, जाळीनं ओरखडू नये म्हणून त्याच्या दुहेरी घड्या घालून वर सुतळीनं बांधलं होतं.

ज्योत्स्ना आईकडे बघतच राहिली.

संपतरावांनी शेठना सगळं समजावून सांगितलं. जमिनीतले खळगे, कांद्याचा पापुद्रा, न दिलेल्या शिव्या आणि एकाच वेळचं जेवण. शेठ म्हणाले ते सगळं ठीक, पण एवढी उठाठेव कशापायी? कर्ज हवंय ना यांना?

"कर्जापायीच केली," जानकाबाई म्हणाली. "मागल्या साली सर्व्हेवालं आलं. ह्ये म्हनले, खरं हाय ते दाखवू. मी पंखा दावला, टीवी दावला, दोन येळ जेवतो म्हनलं. आमचं नाव उडालं. त्या यादीत नाव असतं तर पोरीला सरकारकडनं मशीन भेटनार व्हतं. मंग मी हातातल्या पाटल्या मोडल्या आन् मशीन घ्यातलं. आवंदा पोरगीच म्हनली, ज्याच्याकडं ठिवायला काय न्हाई, त्याच्यासाठी ह्ये कर्ज हाय. मी येडगावला व्हते, मला वाटलं घर बघून लिवायचं त्ये आजच. म्हनलं, पुन्यांदा माझ्या हातनं पोरीचं वाटुळं नको व्हायला."

भागुजी बराखीच्या खांबाकडे तोंड करून उभे राहिले. पाटल्यांचं त्यांना ठाऊक होतं, बाकीचं नव्हतं. जानकाबाईला सकाळपासून लेकीच्या कानात एवढंच सांगायचं होतं, की रडू नको, मशीन बराखीत आहे. पण संस्थेचा माणूस ओसरीवरून उठेल तर ना. संपतरावांना आपल्या चहाच्या सवयीची पहिल्यांदाच लाज वाटली.

ज्योत्स्ना पुढे झाली आणि तिनं आईच्या अंबाड्यातला पापुद्रा काढला. आई, मला तरी सांगायचं, एवढंच ती म्हणाली, आणि मग दोघी एकमेकींना धरून रडल्या. अंबाबाईही रडली. सामान वाहताना तिची कंबर धरली होती, त्याचंही थोडं रडून घेतलं.

चिमाजीशेठ खाकरले. या घरानं एकदा जास्त दाखवलं आणि एकदा कमी दाखवलं, दोन्ही खोटंच, असं त्यांचं म्हणणं पडलं. राजरत्ननं मान आणखी खाली घातली. संपतरावांनी ते नाकारलं नाही. ते अंबाबाईकडे वळले आणि विचारलं, फ्रिज दिलात तेव्हा काही लिहून घेतलंत का?

"जानकाबाईच्या पोराकडनं लिवून घिऊ?" अंबाबाईला तो प्रश्न लागलाच. "काय बोलता, राव?"

आणि जानकाबाईनं आपलं घरदार तुमच्या बराखीत ठेवलं, तेव्हा तिनं काही लिहून घेतलं का? यावर तर अंबाबाईनं नुसती पाठ फिरवली आणि कांद्याचा ढीग नीट करू लागली.

"शेठ," संपतराव म्हणाले, "विनातारण कर्जाला आपण घर कशाला बघतो? माणूस कसा आहे ते कळावं म्हणून. ते आज मला जेवढं कळलं, तेवढं भरल्या घरात कळलं नव्हतं."

शेठनी हूं केलं आणि बाहेर पडायला वळले. जाळीच्या दाराशी एक तार बाहेर आली होती. तिच्यात साखरपुड्यासाठी घातलेल्या नव्या सदऱ्याची बाही अडकली आणि टर्रकन फाटली. शेठचं तोंड बघण्यासारखं झालं. बैठकीला अशा बाहीनं जायचं?

ज्योत्स्नानं डोळे पुसले. सदरा काढा, म्हणाली. तिनं मशीनची सुतळी सोडली, लुगडं बाजूला केलं, एका रिकाम्या खोक्यावर बसली आणि कांद्याच्या ढिगांमध्ये पायटा हलवायला लागली. शेठ बनियनवर उभे होते आणि संपतराव मुद्दाम दुसरीकडे बघत होते. बघता बघता सदरा परत आला. शेठनी तो उजेडात धरला, बाही उलटी केली, सुलटी केली, शिवणीवरून अंगठा फिरवला. फाटलं कुठं होतं ते त्यांना सापडलं नाही. त्यांनी पुन्हा एकदा शोधलं.

सदरा घालून ते जीपमध्ये जाऊन बसले. संपतराव शेजारी बसल्यावर म्हणाले, "अहवालात दुरुस्ती करा. फ्रिज नाही, असं लिहा."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं आहे ते आहेच की. चला, बैठकीला उशीर होतोय."

६

जूनच्या आधी ज्योत्स्नाचा गाळा सुरू झाला. उद्घाटनाला फीत वगैरे नव्हती. संपतराव दुपारी सहज म्हणून गेले. आत मशीन चालू होतं, भोवती निळ्या-पांढऱ्या कापडाचे गठ्ठे होते. राजरत्न बटणं लावत होता. गार पाणी माठातलं होतं, आणि ते त्यानं आपण होऊन सांगितलं.

दाराशी खुर्चीवर जानकाबाई बसली होती. तिनं ते हिरवं इरकली लुगडं नेसलं होतं. पदराच्या खाली, गुडघ्यापाशी, मशीनच्या तेलाचा तळहाताएवढा डाग पडला होता. संपतरावांचं तिकडे लक्ष गेलेलं तिनं पाहिलं. साबण लावला, रॉकेल लावलं, जाता जात नाही, म्हणाली. संपतराव म्हणाले, घडी उलटी घातली तर डाग आत जाईल, वहिनी, कुणाला दिसायचा नाही.

जानकाबाईनं मान हलवली आणि डागावरून हात फिरवून लुगडं गुडघ्यावर नीट पसरलं, सगळ्यांना दिसेल असं.

"ऱ्हाऊ द्या, सायेब," ती म्हणाली. "आता काय झाकायचं न्हाई."

आणि तिनं त्यांच्यासाठी चहा सांगितला.